बिल्ल्याचा सिनेमा

शिवऱ्याचा सावळाराम उंचीनं बेताचा, अंगानं काटक, आणि आवाजानं मात्र दोन माणसांचा होता. बांधावर उभा राहून त्यानं हाक मारली की तिसऱ्या शिवारातला माणूस खुरपं खाली ठेवून वर बघे. हा आवाज त्याला वडिलांकडून आला होता. वडील गावचे तराळ, सरकारी भाषेत कोतवाल. गावभर दवंडी द्यायची, मामलेदार आले की त्यांची वळकटी डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत चालायचं, कुणी ‘जा’ म्हटलं की जायचं. कमरेच्या पट्ट्याला पितळी बिल्ला. त्या बिल्ल्याचा मान एवढाच, की तो दिसला की कुणालाही काम सांगायची मुभा मिळे.

सत्तावन्न सालात वस्तीनं धम्म घेतला आणि ही सगळी कामं एका दिवसात बंद केली. सावळाराम तेव्हा विशीतला. तो नसरापूरच्या पिठाच्या गिरणीत कामाला राहिला आणि ऑइल इंजिनाचं काम शिकला. इंजिन नुसतं ऐकून त्याचं दुखणं सांगायचा. त्याच कीर्तीवर नानांनी त्याला आपल्या टुरिंग टॉकीजवर घेतलं. नानांचा तंबू जत्रा-बाजार धरून भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत फिरे. मधे दोर बांधून त्यावर सोडलेलं लुगडं, एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला बाप्ये, आणि मागं मोठ्या माणसांसाठी चार लोखंडी खुर्च्या.

पहिल्याच मुक्कामाला नानांनी त्याच्या हातात हलगी दिली. “गावातनं एक चक्कर मारून ये. आज कुठला सिनेमा आहे ते सांग.”

सावळारामनं हलगी तशीच बैलगाडीत ठेवली. “नाना, इंजिन म्हणाल तितका वेळ चालवीन. हलगी वाजवायची न्हाई.”

“अरे, ही जाहिरात आहे. दवंडी नव्हे.”

“ऐकणाऱ्याला काय फरक कळतो?”

नाना व्यवहारी होते, पण माणसाची किंमत ओळखून होते. मग त्यांनी पत्र्याचा भोंगा काढून दिला. “मग तोंडानं सांग. आणि नीट सांग, नाहीतर तुझ्या इंजिनाचा उजेड रिकाम्या तंबूत पडायचा.”

सावळारामनं असं नीट सांगितलं, की त्या दिवशी बायकांच्या अंगाला बसायला जागा उरली नाही.

सिनेमाची पेटी पुण्याहून एस.टी.च्या टपावर नसरापूरला येई. ती भाड्याची असे, खेळ झाले की परत जाई. नानांच्या स्वतःच्या मालकीचा एकच सिनेमा होता. मुंबईच्या कुठल्याशा व्यापाऱ्यानं गोदाम रिकामं करताना तो विकला होता. इंग्रजी, काळापांढरा, घोड्यांचा आणि बंदुकांचा. पेटीवरचा नावाचा कागद फाटला होता. नानांनी तो आपला अडीअडचणीला म्हणून गाडीच्या तळाशी ठेवला होता.

अडचण त्रेसष्ट साली वेल्ह्याच्या बाजारी आली. पेटी आलीच नाही आणि तंबू तर भरलेला. नानांनी इंग्रजी रीळ चढवलं. पाच मिनिटांत लोक कुरकुरू लागले, धनगरवाड्यावरून दोन कोस चालत आलेली भागूबाई उभी राहून म्हणाली, “नाना, ही टोपीवाली नुसती तोंडं हलवत्यात. आमी काय त्यांचं दात मोजायला आलो व्हय?”

नाना घामाघूम झाले. इंजिन सोडून सावळाराम पुढं आला. त्यानं सिनेमाचा आवाज बंद करायला सांगितला, भोंग्याचा माईक हातात घेतला आणि पडद्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

“ऐका,” तो म्हणाला. “हे अमेरिकेतलं गाव हाय. आपल्या नसरापूरएवढं. रस्ता एकच, धुरळा लई.”

इंग्रजीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. पण माणसांची तोंडं वाचायला त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पडद्यावर एक भांडी सांधणारा फिरस्ता खेचरावर बसून गावात येतो. गावातली चार मोठी माणसं, पेढीवाला शेट, बाजाराचा ठेकेदार, गावचा अध्यक्ष आणि एक गळ्यात फीत बांधलेला वकील, त्याला घेरतात, पाठीवर थाप मारतात आणि त्याच्या छातीवर चांदणीसारखा एक बिल्ला टोचतात. का? तर कुणी दरोडेखोर गावावर चालून येणार आहे आणि ते काम अंगावर घ्यायला दुसरं कुणी तयार नाही.

सावळारामनं तो बिल्ला पाहिला, आणि बिल्ला लावल्याबरोबर शेटनं आपल्या घोड्याचा लगाम त्या भांडीवाल्याच्या हातात दिलेला पाहिला. त्याला पुढचं काही विचारायची गरज पडली नाही.

“केला त्याला कोतवाल,” तो माईकवर म्हणाला. “आता बघा. पोटाला मिळायच्या आधी समद्यांची कामं सांगून व्हतील.”

आणि तसंच झालं. त्या माणसाला अध्यक्षाच्या बायकोनं गालिचे झटकायला लावले, वकिलानं बूट पुसायला लावले, ठेकेदारानं कोंबड्या मोजायला लावल्या. तो सगळं निमूट करत होता, आणि करता करता प्रत्येकाच्या घरात काय आहे ते डोळ्यांनी टिपत होता. कोंबड्यांच्या खुराड्यात त्याला दरोडेखोराची चिठ्ठी सापडते. शेट आणि ठेकेदार त्या दरोडेखोराला आतून सामील आहेत. गावाला घाबरवायचं आणि जमिनी स्वस्तात घ्यायच्या, असा बेत. वेल्ह्याच्या तंबूत त्या क्षणाला एवढा हशा पिकला की खांबाला बांधलेला कंदील हलला. ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढं आपापल्या गावचा शेट उभा राहिला होता.

त्या दिवसापासून तो सिनेमा अडीअडचणीचा उरला नाही. लोकच मागू लागले. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून ‘बिल्ल्याचा सिनेमा’ असं नाव पडलं. मराठी नवे सिनेमे येत, एकदा बघून लोक उठत. बिल्ल्याचा सिनेमा मात्र दरवर्षी लागे आणि दरवर्षी भरे. पहिल्या वर्षी नवऱ्याबरोबर आलेल्या पोरी पुढं कडेवर पोर घेऊन आल्या. वरच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं तर मेंढरं कुणाच्या तरी हवाली करून येत. भागूबाई खेचर बघायला यायची. तिच्या मते त्या सिनेमात अक्कल एकट्या खेचरालाच होती.

लोक इतक्यांदा तेच का बघतात, हे नानांना कधी उमगलं नाही. सावळारामला ठाऊक होतं. वर्षभर ज्याच्यापुढं मान खाली घालायची, त्याला वर्षातून एकदा पडद्यावर चिखलात पडताना बघायचं. तेही असं, की पडणारा अमेरिकेतला असल्यामुळं कुणाला राग धरता येत नाही. खुर्चीवर बसलेलेसुद्धा हसत. त्यांना वाटे, हे शेजारच्या गावच्याबद्दल आहे.

या अकरा वर्षांत सावळारामचं लग्न झालं, चंद्राबाई घरात आली, दोन मुली झाल्या. तो रस्त्यानं चालला की माणसं त्याला हाक मारून ओट्यावर बसवत. ज्या ओट्यांच्या खाली त्याचे वडील उभे राहत, त्यांतल्या एकदोन ओट्यांवरही. तो बसे, चहा घेई, कप न विसळता तिथंच ठेवून उठे. घरी येऊन चंद्राबाईला सांगे, “आज आंबवड्याच्या रायबानं सोताच्या हातानं चहा दिला.” चंद्राबाई म्हणे, “दिला तर काय झालं? तुमी त्याला दर साली हसवता, त्यो तुमाला एक कप चहा देतो. म्हागात कुणाला पडलं?”

त्याला अभिमान होता तो दोन गोष्टींचा. एक, आपण माईकवर कधी खोटं बोललो नाही. सिनेमात मारामारी नसेल तर तो ‘आहे’ म्हणून तिकीट खपवायला तयार होत नसे, नाना कितीही चिडले तरी. आणि दुसरा अभिमान जगनचा. जगन त्याच्या बहिणीचा मुलगा. बाप लवकर गेला, तेव्हापासून सावळारामनंच त्याचं बघितलं. पुण्यात वसतिगृहात राहून, इंग्रजी विषय घेऊन तो चौऱ्याहत्तर साली बी.ए. झाला. वस्तीतला पहिला. निकालाचं वर्तमानपत्र सावळारामनं गादीखाली जपून ठेवलं होतं, आणि आल्यागेल्याला काढून दाखवायचा. “पयल्यापास्नं बघू नका, लई नावं हायती. हे बगा, हितं.”

त्या साली आंबवड्याच्या जत्रेला तो जगनला मुद्दाम बरोबर घेऊन गेला. खुर्च्यांतली एक त्याच्यासाठी राखून ठेवायला त्यानं नानांना आधीच सांगितलं होतं. “आमचा भाचा हाय. इंग्रजीतला हाय. त्याला खाली गर्दीत बसवू नका.”

रीळ जुनं झालं होतं, जागोजागी जोडलेलं. खेळाच्या दिवशी दुपारी नाना ते एकदा चालवून बघत. तीन वाजता कनाती सोडून, छिद्रांना गोणपाट लावून त्यांनी मशीन सुरू केलं. दुपारच्या या चाचणीत आवाजही चालू असे. अकरा वर्षं तो आवाज ऐकत होते ते फक्त नाना आणि रिकामा तंबू. सावळाराम तेव्हा बाहेर इंजिनापाशी असे. आज जगन आत बसला होता, म्हणून तोही कनात सारून आत डोकावला.

जगन हसत होता. सावळारामचा ऊर भरून आला. पण क्षणभरानं त्याच्या लक्षात आलं की जगन भलत्याच ठिकाणी हसतोय. जिथं आपण काहीच सांगत नाही, जिथं लोक तंबाखू मळून घेतात, तिथं. आणि जिथं तंबू डोक्यावर घेतात, तिथं जगन गप्प.

रिळं संपल्यावर त्यानं विचारलं, “काय रं, कसा हाय?”

“भारी आहे मामा. लिहिणाऱ्यानं फार खवचटपणानं लिहिलाय.”

“मग मधेच का गप्प बसत हुतास?”

“तसं काही नाही.”

“जगन. तुला शिकवलंय ते ‘तसं काही न्हाई’ म्हणायला न्हाई.”

जगन उठून त्याच्याजवळ आला. “मामा, तुम्ही त्या बिल्लेवाल्याला कोतवाल म्हणता ना? तो कोतवाल नाही. तो शेरीफ आहे. म्हणजे आपला फौजदार. गावातला सगळ्यात मोठा अधिकारी. तो चांदणीचा बिल्ला अधिकाराचा आहे.”

सावळारामनं पडद्याकडं पाहिलं. पडदा पांढरा होता. “फौजदार? आन् बूट पुसतो?”

“पुसतो खरा.”

“बिल्ला तर बिल्ल्यासारखाच दिसतो.”

“त्यांच्याकडं बिल्ल्याचा अर्थ वेगळा, मामा. माझ्याबरोबरची पोरं जत्रेला आलीत. उगाच तुम्हाला कुणी हसू नये म्हणून सांगितलं.”

सावळाराम बाहेर आला आणि इंजिनाच्या टाकीशी बसला. ज्या गोष्टीनं त्याला सगळं कळलं होतं असं वाटत होतं, तीच चुकीची निघाली होती. अकरा वर्षं, वीस-बावीस गावं, आणि तो एका फौजदाराला कोतवाल म्हणत आला होता. नाना बाहेर आले. त्यांनी आतलं बोलणं ऐकलं होतं.

“मनावर घेऊ नकोस,” ते म्हणाले. “इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. आता काय कळतंय?”

“मला कळलं ना आता.”

“मग काय करणार?”

“सांगणार.”

“लोकांना? अरे, लोक पैसे देऊन कोतवाल बघायला येतात. फौजदार त्यांना घरबसल्या दिसतो. आज तू असलं काही सांगितलंस आणि तंबू उठला, तर पुढच्या साली मी ती पेटी उघडणार नाही. माईकही नाही. तू आपला इंजिनाजवळ बस.”

सावळारामनं मान हलवली. नानांचं काही चुकत नव्हतं. तंबू त्यांचा होता.

दिवेलागण झाली, तंबू भरला. मागच्या खुर्च्यांवर सर्जेराव येऊन बसले. ते अठरा वर्षं पोलीस पाटील होते आणि अजूनही बोलताना समोरच्याला पंचनाम्यातला साक्षीदार समजत. त्यांच्या शेजारी जगन. सावळाराम पडद्याच्या कडेला गेला. रोज तो पहिल्यांदा एखादी थट्टा करी, कुणाच्या फेट्यावर, कुणाच्या नव्या सुनेवर. आज त्यानं ती केली नाही.

“मंडळी, रीळ लावायच्या आधी एक सांगायचं हाय. मी तुमाला अकरा वर्षं चुकीचं सांगितलं. ह्यो बिल्लेवाला कोतवाल न्हाई. फौजदार हाय. आमच्या जगननं इंग्रजी ऐकून सांगितलं. चूक माझी. आता आज खरं सांगीन, पटलं तर बसा.”

नाना मशीनमागं डोक्याला हात लावून उभे होते.

मग लुगड्याच्या पलीकडून भागूबाईचा आवाज आला. “सावळा, फौजदार हाय तर शेटचं घोडं का धरतो?”

“ते म्हाईत न्हाई, भागूबाई.”

“मग तुज्या भाच्याला इचार. फौजदारानं घोडं धरल्यालं कुणी बघितलंय हितं?”

माणसं हसली. कुणीतरी मागं वळून म्हणालं, “सर्जेराव, तुमी सांगा. तुमचा रोजचा संबंध यायचा.”

सर्जेराव खाकरले. त्यांना असं मधे विचारलेलं आवडलं होतं, हे दिसत होतं. “घोडं धरल्यालं न्हाई बघितलं,” ते सावकाश म्हणाले. “पर शेटच्या ओट्यावर चा पिऊन, शेट सांगंल त्याचंच नाव लिवून घेणारं फौजदार म्या चार बघितल्यात. आता त्याला घोडं धरणं म्हणायचं का न्हाई, ते ज्याचं त्यानं ठरवावं.”

या वेळचा हशा थांबायला वेळ लागला. सर्जेरावांनी मिशीवरून हात फिरवला. आपण एवढं कसं बोलून गेलो याचं त्यांनाही नवल वाटलं असावं.

सावळाराम हसला नाही. तो माईक घेऊन मागं खुर्च्यांपर्यंत चालत गेला, वायर माणसांच्या डोक्यांवरून ओढत. “जगन, चल पुढं. आज आवाज चालू ठिवायचा. ते काय बोलत्यात ते तू मला सांगायचं, मी मंडळींना सांगीन.”

“मामा, मी कशाला...”

“बी.ए. कशाला झालास?”

नानांनी रीळ लावलं. वेल्ह्याच्या त्या पाच मिनिटांनंतर पहिल्यांदाच टोपीवाल्यांचे आवाज तंबूभर घुमले, आणि लोकांनी ते थोडं बिचकून ऐकले. जगन मामाच्या कानाशी लागला. बिल्ला टोचायचा प्रसंग आला. शेट सिगार काढून वकिलाला काहीतरी म्हणाला. जगन ऐकत होता, आणि सांगायचं विसरून मामाकडं बघत राहिला.

“काय म्हणतो?”

“म्हणतो, असा माणूस पाहिजे की जो माझा घोडा धरील आणि वर आभारही मानील.”

सावळारामनं माईक तोंडाजवळ नेला. जगननं दुपारी हे वाक्य ऐकलं होतं. तेव्हा त्याला त्यात मामाचा कोतवाल दिसला नव्हता, आता दिसला. फौजदाराला घरगड्यासारखं वागवायचं, हाच त्या लिहिणाऱ्याचा खवचटपणा होता. इंग्रजी न येणाऱ्या माणसानं तो नुसता लगाम बघून ओळखला होता.

“मंडळी,” सावळाराम म्हणाला, “बिल्ला फौजदाराचा हाय. पर शेटला कोतवालच पायजे व्हता. तसं त्यो सोताच्या तोंडानं म्हणाला.”

“मग आमी काय येगळं म्हणत हुतो?” भागूबाई म्हणाली.

सगळंच काही असं जुळलं नाही. ज्या बाईला सावळाराम त्या माणसाची बहीण म्हणत आला होता, ती त्याच्यावर जीव जडलेली विधवा निघाली. बायकांनी हे मान्य करायला साफ नकार दिला. इतकी वर्षं भाकरी बांधून देणारी बहीण एकाएकी बदलायची नाही, असं ठरलं. शेट आणि अध्यक्ष हे मेहुणे नव्हते. दरोडेखोराचा एक डोळा अधू नव्हता, त्याला फक्त झोप आलेली होती. दर खेपेला सावळाराम सांगे, “हितं मी चुकलो हुतो,” आणि लोक त्याला माफ करून पुढं चलायला सांगत. रीळ बदलायला मशीन थांबलं की वाद होत, आणि नाना ‘चला चला’ म्हणत पुढचं रीळ चढवत. एवढी माणसं एवढ्या ईर्ष्येनं सिनेमा बघताना त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. मशीनच्या झोतात त्यांचा चेहरा उजळलेला दिसत होता.

शेवटचं रीळ आलं. दरोडेखोर वेशीवर पोचल्याची वर्दी येते, तो आता शेट आणि ठेकेदारावरही उलटलेला असतो, आणि गावातली चारही मोठी माणसं जीव मुठीत धरून पळत येतात. कुठं लपायचं? सगळ्यात मजबूत दार तुरुंगाचं. ती आपणहून कोठडीत शिरतात, आणि बाहेरून कुलूप लाव म्हणून बिल्लेवाल्याच्या विनवण्या करतात. तो किल्ली काढतो, शांतपणे फिरवतो, आणि दाराला पाठ लावून उभा राहतो, तोंड टोपीच्या सावलीत.

सावळाराम माईक उचलणार तोच जगन त्याच्या कानात म्हणाला, “मामा, इथं तो काहीच बोलत नाही.”

“कायबी न्हाई?”

“एक शब्द नाही.”

खरंच, पडद्याच्या मागच्या कर्ण्यातून नुसती खरखर येत होती. लोक वाट बघत होते. अकरा वर्षं या जागी ज्या वाक्यासाठी ते येत होते, ते त्या माणसानं उच्चारलेलंच नव्हतं. सावळारामनं नानांकडं पाहिलं. नानांनी मान खाली घातली, म्हणजे तुला वाटेल ते कर.

“मंडळी,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज भोंग्यातून येऊनही घरात बोलल्यासारखा आला. “हितं ह्यो बिल्लेवाला गप्प हाय. जे तुमी दर साली ऐकता ते त्यानं म्हटलेलं न्हाई. ते माझं हाय. मी, शिवऱ्याचा सावळाराम, म्हणतो.”

त्यानं तंबूवरून नजर फिरवली. लुगड्याच्या अलीकडं आणि पलीकडं सगळ्यांच्या माना पडद्याकडून त्याच्याकडं वळल्या होत्या. खुर्चीवरचे सर्जेरावही पुढं झुकले होते.

“मोठी मानसं समदी आत हायती. आता गावानं दारं उघडी टाकून झोपायला हरकत न्हाई.”